ब्रिटानिया ते भवानी

१७७८ साली ईस्ट इंडिया कंपनीची एक फौज यमुनाकाठच्या काल्पीहून निघाली आणि बुंदेलखंड, भोपाळ, नर्मदा असा मुलूख तुडवत पुढच्या वर्षाच्या आरंभी सुरतेला पोहोचली. फौजेतले शिपाई बहुतेक अवध-बिहारकडचे आणि त्यांचा सेनापती कर्नल गॉडर्ड. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष घेऊन पुणे दरबाराशी वैर ओढवून घेतले होते, त्यांच्या मदतीला ही कुमक चालली होती. ती पोहोचण्याआधीच, जानेवारी १७७९ मध्ये, मराठ्यांनी वडगावला मुंबईकर फौजेला कोंडीत पकडून तह करायला भाग पाडले. पुढे गॉडर्डच्या शिपायांनी अहमदाबाद घेतले, वसईचा किल्ला घेतला आणि बोरघाटापर्यंत येऊन माघारी फिरताना मराठ्यांचा मारही खाल्ला. १७८२ साली सालबाईचा तह झाला आणि हे शिपाई पुन्हा हजार कोस चालत बंगालकडे परतले.

त्यांच्यासाठी कंपनीने एक पदक काढले. वरच्या दर्जाच्या हिंदी अधिकाऱ्यांना सोन्याचे, बाकीच्यांना चांदीचे. ते पिवळ्या दोरीने गळ्यात अडकवायचे. एका बाजूला शस्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया, तिच्या पुढे केलेल्या हातात पानांची माळ आणि समोर इंग्रजी निशाण फडकत असलेला किल्ला. दुसऱ्या बाजूला त्या काळच्या दरबारी फारसीत शिपायांच्या पराक्रमाचे गुणगान. याला ‘दख्खन पदक’ म्हणतात. मोहिमेत भाग घेतलेल्या साध्या शिपायापर्यंत पोहोचलेले कंपनीचे हे पहिले पदक आणि ते मराठ्यांशी लढल्याबद्दल दिलेले होते. हिंदुस्थानातल्या शिपायाच्या छातीवर युद्धाचे पदक आले ते असे, हिंदुस्थानातल्याच राज्याविरुद्ध लढून.

पदकांचा इतिहास म्हटला की आपल्याला शौर्यपदके आठवतात. त्यामागची कथा मोठी असते, ती पाठ्यपुस्तकात येते, चौकाला नाव देते. पण सैन्यात पदकांचे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. एक शौर्याचा: अमक्याने अमक्या दिवशी प्राणांची पर्वा न करता हे केले. दुसरा मोहिमेचा: हा माणूस त्या लढाईत होता. दुसऱ्या प्रकारचे पदक हजारोंना मिळते म्हणून त्याला कमी लेखण्याची आपली सवय चुकीची आहे. युद्ध हजारो माणसे लढतात. त्यातल्या बहुतेकांचे नाव कुठल्याही इतिहासात येत नाही. त्यांच्या वाट्याला आलेला सरकारी पुरावा एवढाच, की तो तिथे होता. म्हणून एखाद्या राज्याला आपल्या शिपायाविषयी काय वाटते हे पाहायचे असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. लढणाऱ्या प्रत्येकाला ते कसे मोजते आणि सर्वांत मोठा मान कोणासाठी खुला ठेवते. या दोन्ही कसोट्यांवर पावणेदोनशे वर्षांचा हिशेब मांडला, तर हिंदी शिपायाने काय सोसले आणि १९५० साली काय मिळवले ते स्पष्ट दिसते.

*

१८५१ साली इंग्रजांनी आणखी एक पदक मंजूर केले, ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी ते होते, म्हणजे पहिल्या लढाईनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने निघाले. तोवर जे शिपाई जिवंत होते आणि ज्यांनी अर्ज केला, त्यांनाच ते मिळाले. ज्यांचा देह आधीच पडला होता त्यांच्या घरी काही गेले नाही.

हे पदक ज्या फितीला लोंबते तिच्यावर चांदीच्या छोट्या पट्ट्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक पट्टीवर एका लढाईचे नाव असे. अशा एकवीस पट्ट्या ठरल्या होत्या. त्यांवरची इंग्रजी नावे मराठी माणसाने एकदा नीट वाचावीत. असई: जालना जिल्ह्यातले गाव, २३ सप्टेंबर १८०३. आरगाव: म्हणजे अकोल्याकडचे अडगाव. गाविलगड: चिखलदऱ्याजवळचा किल्ला, त्याच वर्षीचा डिसेंबर. खडकी: ५ नोव्हेंबर १८१७, गणेशखिंडीजवळ बापू गोखल्यांनी दिलेली झुंज. पुणे. सीताबर्डी. नागपूर. महिदपूर. कोरेगाव. आज या गावांत शेती आहे, बाजार आहे, रेल्वे स्टेशने आहेत. एका साम्राज्याच्या हिशेबात मात्र ती आपल्या राज्याच्या शेवटाची यादी होती आणि ती यादी आपल्याच माणसांच्या छातीवर टांगलेली होती. कंपनीच्या पलटणींत मराठे होते, महार होते, मुसलमान होते, पुरभय्ये होते. पोटासाठी, मानासाठी, कोणी आपल्या समाजात न मिळणारी बरोबरी शोधत पलटणीत गेले होते.

यातल्या कोरेगावच्या पट्टीपाशी थांबायला हवे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या मुंबई पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तिथे उभ्या केलेल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ने संपणारी महार नावे आहेत. ही नावे दगडावर कोरली गेली, पदके दिली गेली, तरीही पुढे काय झाले? १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी खडकीपासून अफगाणिस्तानपर्यंत चाकरी केली होती, त्यांना सांगितले गेले की तुम्ही लढवय्ये नाही.

दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. दोघांच्याही म्हणण्याचा आधार एकच होता: आमच्या लोकांनी रणांगणात केलेली सेवा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे हा अन्याय दूर झाला. पदक देणाऱ्याने पदक दिले म्हणजे माणसाला माणूस म्हणून मानले, असे होत नाही. महारांचा हा पन्नास वर्षांचा लढा त्याचा पुरावा आहे.

*

आता दुसरी कसोटी पाहू, सर्वांत मोठा मान कोणासाठी?

१८३७ साली कंपनीने हिंदी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचे शौर्यपदक सुरू केले. पुढे त्याला ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणू लागले. याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पराक्रमाला तिसरा वर्ग मिळे. तिसरा मिळालेल्याने पुन्हा तसाच पराक्रम केला तर दुसरा आणि दुसऱ्यानंतर पुन्हा केला तर पहिला. म्हणजे सर्वोच्च मान मिळवायचा तर शिपायाने तीनदा मरणाच्या दारात जाऊन परत यायचे. निळ्या फितीच्या दोन्ही कडा तांबड्या असत आणि पदकाबरोबर पगारात वाढ मिळे: तिसऱ्याला एक तृतीयांश, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. एवढे मात्र खरे की हे पदक व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षा जवळजवळ वीस वर्षे जुने आहे. इंग्रजांच्या सैन्यात साध्या शिपायाच्या शौर्याला कायमचा मान देण्याची पद्धत आधी हिंदी शिपायापासून सुरू झाली.

१८५६ साली राणी व्हिक्टोरियाने व्हिक्टोरिया क्रॉस सुरू केला. त्याची मोठी थोरवी सांगितली जाते ती ही, की त्यात हुद्दा पाहिला जात नाही. साधा सोल्जर आणि जनरल दोघेही त्याला पात्र. पण हिंदी शिपाई पात्र नव्हता. एकाच खंदकात, एकाच गोळीबारात, एकाच दिवशी दोघांनी सारखेच काम केले, तर गोऱ्याला एक पदक आणि काळ्याला दुसरे. ही स्थिती पंचावन्न वर्षे टिकली. १८५७ च्या युद्धाच्या पदकावर ‘सेंट्रल इंडिया’ अशी एक पट्टी होती. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर इथे राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याशी लढलेल्यांची ती पट्टी. तीही हिंदी शिपायांनी छातीवर लावली. पण त्या युद्धातला सर्वोच्च मान त्यांच्यासाठी नव्हता.

१९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला केला. तीन वर्षांत महायुद्ध पेटले. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये होलेबेके इथे १२९ व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खानाने मशीनगन सोडली नाही, बाकीचे सगळे पडल्यावरही. तो पहिला हिंदी व्हिक्टोरिया क्रॉस. मागोमाग गढवाली नायक दरवानसिंग नेगी. दार उघडताच आपली माणसे आत आली. ती इतकी वर्षे दाराबाहेर पात्रतेअभावी थांबलेली नव्हती, हे याहून वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही.

तरी उतरंड संपली नाही. पहिल्या महायुद्धात मोहिमेत गेलेल्यांना ब्रिटिश वॉर मेडल मिळाले. शिपायाला चांदीचे. त्याच मोहिमेत ओझी वाहणाऱ्या, रस्ते खणणाऱ्या हिंदी मजूर तुकड्यांच्या माणसाला ब्रॉन्झचे. छाप तोच, राजाचा चेहरा तोच, धातू वेगळा. सरहद्दीवरच्या आधीच्या मोहिमांतही सैन्याबरोबर फिरणाऱ्या बिगरलढाऊ नोकरांना ब्रॉन्झचीच पदके दिली जात. पखालीतले पाणी खंदकापर्यंत नेणाऱ्या भिश्तीला शत्रूची गोळी ओळखत नव्हती. पदक देणारे कारकून मात्र ओळखत होते.

*

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठाच्या तिसऱ्या पलटणीतला नाईक यशवंत घाडगे आपला सेक्शन घेऊन पुढे चालला होता. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा पोरगा, वय बावीस. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्याबरोबरचे सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले. यशवंतने मशीनगनवर झेप घेतली. बॉम्ब फेकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तो तिथेच पडला. त्याचे थडगे सापडलेले नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचा शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचा रनर म्हणून पाण्यात उतरला होता. संगमनेरकडच्या निमजचा हा माणूस. इतक्यात तीन मशीनगन सुरू झाल्या आणि टोळी कापली गेली. नामदेवने आधी जखमींना एकेक करून उचलले, पाण्यातून नेले, उभा चढ चढला, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. मग परत फिरला. एक ठाणे टॉमीगनने बंद केले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि हातबॉम्बांनी उरलेली दोन बंद केली. नंतर बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्याने मागच्या कंपन्यांना हाताने खूण केली, या! दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, यशवंतला मरणोत्तर. नामदेव घरी परतला आणि १९८४ पर्यंत जगला.

या दोघांच्या पराक्रमाला कुठल्याही राजाच्या मोहरेची गरज नाही. पण मोहर राजाचीच होती. ज्या देशासाठी ते लढले असे कागदोपत्री लिहिले गेले, तो त्यांचा देश नव्हता.

*

१९४७ चा ऑगस्ट आला. ऑक्टोबरात टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले आणि स्वतंत्र भारताच्या सैन्याचे पहिले युद्ध सुरू झाले. ३ नोव्हेंबरला श्रीनगरजवळ बडगामला चौथ्या कुमाऊँच्या मेजर सोमनाथ शर्मांची कंपनी वेढली गेली. हॉकी खेळताना दुखावलेला त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तरी ते ठाण्याठाण्यावर धावत होते, एका हाताने मॅगझिन भरून जवानांना देत होते. उखळी तोफेचा गोळा दारूगोळ्यावर पडून त्यांचा अंत झाला. श्रीनगरचा विमानतळ वाचला.

अशी शौर्ये महिन्यामागून महिने घडत होती आणि ती मोजायला भारताकडे स्वतःचे पदक नव्हते. देश स्वतंत्र झाला तरी १९५० पर्यंत डोमिनियन होता. राजाच्या नावाने दिलेले सन्मान या युद्धात शोभणारे नव्हते. लष्करप्रशासनाचे अधिकारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर नव्या पदकांचे काम आले. त्यांनी रचनेसाठी ज्या व्यक्तीला विचारले ती एका मराठी अधिकाऱ्याची पत्नी होती: सावित्रीबाई खानोलकर.

सावित्रीबाईंचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचे नाव ईव्ह इव्होन माडे दे मारोस. सँडहर्स्टला शिकणारे विक्रम खानोलकर युरोपात सुटीवर असताना दोघांची भेट झाली. घरचा विरोध सोसून ती हिंदुस्थानात आली. १९३२ साली लग्न झाले आणि ईव्हची सावित्री झाली. लष्करी छावण्यांमधल्या फिरत्या संसारात तिने मराठी, हिंदी, संस्कृत आत्मसात केले. वेदान्त, पुराणे वाचली. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आपल्याकडे जन्मलेल्या अनेकांना नसते इतकी ओढ तिला इथल्या परंपरेची होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या आणि सैनिकांच्या कुटुंबांच्या कामात ती राबली.

परमवीर चक्राची कल्पना करताना सावित्रीबाईंना दधीची ऋषी आठवले. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना शस्त्र हवे होते. दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या हाडांपासून इंद्राचे वज्र घडले. या कथेत शस्त्र मोठे नाही, ते ज्याच्या देहातून आले तो मोठा आहे. पदकावर मध्ये राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रे. मागे दोन कमळे आणि हिंदी-इंग्रजीत पदकाचे नाव. पदक ब्रॉन्झचे, रुंदी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, फीत जांभळी. सोने नाही, रत्न नाही, राजाराणीचा चेहरा नाही. ज्या धातूचे पदक एकेकाळी भिश्त्याला ‘कमी’ म्हणून दिले जात होते, तोच ब्रॉन्झ देशाच्या सर्वोच्च सन्मानाला आला.

२६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाबरोबर परमवीर, महावीर आणि वीर चक्र सुरू झाले, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू म्हणून. सैन्यातला कोणताही हुद्दा, कोणतीही जात, कोणताही धर्म, सगळे पात्र. पहिला परमवीर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर. सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे ते दीर लागत.

*

त्या पहिल्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी दोघेच जिवंत राहिले: लान्स नाईक करमसिंग आणि सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. वडील पोलीस शिपाई. १९४० साली रामा बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढला आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाला. बॉम्बे सॅपर्सचे मुख्यालय पुण्याजवळ खडकीला आहे, तीच खडकी, जिचे नाव इंग्रजांनी चांदीच्या पट्टीवर कोरले होते.

एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्याला नौशेराहून राजौरी गाठायची होती. राजौरीत लोकांवर भयंकर अत्याचार चालले होते, वेळ दवडणे परवडणारे नव्हते. रणगाडे होते, पण रस्ता डोंगरातून सापासारखा वळसे घेत जाणारा आणि शत्रूने त्याची वाट लावली होती. जागोजागी सुरुंग पेरलेले, चीडाची मोठाली झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, बांध ढासळवलेले. आणि प्रत्येक अडथळ्यावर डोंगरातून मशीनगनचा मारा. रणगाड्यांच्या पुढे रस्ता करायचे काम राण्यांच्या सदतीसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीतल्या तुकडीकडे होते.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास तुकडी रणगाड्यांपाशी थांबली असतानाच उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान ठार, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि कामाला लागले. दुपारी बरवाली रिज ताब्यात आली, तरी शत्रू पुरता हटला नव्हता. अंधार पडल्यावरही रात्री दहापर्यंत ते रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढत राहिले. ९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वाट तयार झाली. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा: उतरले, सुरुंग लावून उडवला. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. काम सुरू करण्याआधीच मशीनगन सुरू झाली, तरी बाजूने रस्ता काढला. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आडवी, भोवती सुरुंग आणि वरून गोळ्या. तिथे अंधाराने थांबवले.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी होते. साडेसहापर्यंत रस्ता मोकळा झाला. पुढचा हजार यार्डांचा तुकडा म्हणजे एकामागून एक अडथळे. साडेदहाला तोही पार. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागे राहिले, कारण रसद आणणाऱ्या गाड्यांना पक्का रस्ता हवा होता. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा उभे, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि रात्री दहापर्यंत पुढचा. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोहोचले.

नामदेव जाधव सेनिओच्या काठी सुरुंगांतून जखमींना नेत होता त्या दिवसाला बरोबर तीन वर्षे झाली होती, तेव्हा राणे या रस्त्यावर सुरुंग काढत होते. एक किनारपट्टीचा, दुसरा घाटावरचा, पण दोघांचे धैर्य एका तोलाचे. फरक इतकाच की राण्यांचा पराक्रम मोजणारे सरकार त्यांचे स्वतःचे होते आणि त्यांनी जो रस्ता मोकळा केला तो त्यांच्या लोकांकडे जात होता. राण्यांनी शत्रूचे ठाणे जिंकले नव्हते. त्यांनी चार दिवस रस्ता दुरुस्त केला. देशाने त्याला परमवीर म्हटले, हे त्या नव्या देशाच्या समजुतीचे मोठेपण आहे. मजुराचे काम करणाऱ्याला वेगळ्या धातूचे पदक देण्याची परंपरा इथे खऱ्या अर्थाने मोडली.

*

पण ज्या हजारो जणांना चक्र मिळाले नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही १९५० साली स्वतंत्र भारताने आपले पहिले मोहीमपदक काढले: जनरल सर्व्हिस मेडल १९४७. फीत तांबडी, तिच्यात हिरव्या बारीक रेघा, वर ‘जम्मू-काश्मीर १९४७-४८’ची पट्टी. जवान आणि अधिकारी दोघांना एकाच धातूचे. आणि त्याच्या दर्शनी बाजूवर टोक वर केलेली, तेजोवलयाने वेढलेली तलवार आहे. तिचे नाव सरकारी वर्णनात दिले आहे: भवानी.

मराठ्यांशी लढणाऱ्या शिपायांसाठी काढलेल्या पदकावर ब्रिटानिया होती. तिथून निघालेली वाट इथे भवानीपाशी आली, मधे गेली एकशे पासष्ट वर्षे. आणि ही भवानी एका प्रांताची म्हणून नाही, तर न्यायाची तलवार म्हणून पंजाबी, डोगरा, गुरखा, कुमाऊँनी, मद्रासी जवानांच्या छातीवर गेली. शिवछत्रपतींच्या नावाशी जोडलेले प्रतीक साऱ्या देशाने आपले मानले, याचा अभिमान आपण परमवीराच्या कथेइतकाच बाळगायला हवा.

पुढच्या युद्धांतही भारताने लढणाऱ्याची वेगळी नोंद ठेवली. १९६५ साली प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना समर सेवा तारा आणि सैन्यात असलेल्या सगळ्यांना रक्षा पदक. १९७१ साली पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी तारा, पश्चिमेकडे पश्चिमी तारा आणि सर्वांना संग्राम पदक. १९९९ साली कारगिल, द्रास, बटालिकच्या डोंगरात असलेल्यांना ऑपरेशन विजय तारा आणि त्या वेळी अन्यत्र सज्ज असलेल्यांना ऑपरेशन विजय पदक. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक. दूर सीमेवर बंकरमध्ये बसून वाट पाहणाऱ्यालाही मान आहे आणि ज्याने गोळी झेलली त्यालाही, पण दोघांचा गोंधळ होऊ दिलेला नाही. मोहीमपदकाचा प्रामाणिकपणा यातच असतो.

कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात, विदर्भात अशी घरे आहेत जिथे ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याशेजारी किंवा जुन्या कापडात गुंडाळलेली अशी पदके पडून आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात तर घरोघर सैनिक निघाले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटले. आजोबांचे किंवा पणजोबांचे पदक हाती आले तर त्याची कड भिंगातून पाहावी. हिंदी सैन्याच्या बहुतेक जुन्या पदकांच्या कडेवर त्या माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावरून तो कुठल्या आघाडीवर होता हे शोधता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पलटणीच्या केंद्रात त्या माहितीचा माग काढता येतो. ती मिळाली की लिहून ठेवावी, गावच्या शाळेत सांगावी आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. इंग्रजांच्या पदकांवरही राजाचा चेहरा एका बाजूला असला, तरी कडेवरचे नाव आपल्या माणसाचे आहे. ते नाव वाचून ठेवणे हे आता आपले काम आहे. पदक देणारी राज्ये बदलली, राजे गेले. लढलेला माणूस मात्र आपला होता आणि त्याची नोंद त्याच्या गावाने ठेवली, तरच ती खऱ्या अर्थाने पुरी होईल.